भट्टीवरचा गूळ

कारखान्यात मी पहिल्या दिवशी गेले ती कडक इस्त्रीची माहेश्वरी नेसून. शिशाच्या धुळीत. माझ्या तेव्हाच्या अकलेबद्दल आणखी काही सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण त्या बाईची मला अजून गंमत वाटते. साठी उलटलेली, शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, केसांना ताजा कलप, आणि डोक्यात एकच खूळ: आता कामगारांचं कल्याण करायचं. काखेत थर्माकोलची फुप्फुसं होती. मीच कापून गुलाबी रंगवलेली. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने ती बघून विचारलं होतं, "हे काय, यंदा गणपती लवकर?"

लॉकडाऊनच्या आधीची गोष्ट. इंदुरात सांवेर रोडला जुन्या बॅटऱ्यांचा एक कारखाना होता. गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या ट्रकने यायच्या. त्यातलं तेजाब ओतून काढायचं, खोकी फोडायची, आतल्या शिशाच्या पट्ट्या भट्टीत वितळवायच्या आणि त्याच्या लाद्या ओतायच्या. असा माल सरकारी भाषेत घातक कचरा. तो हाताळणाऱ्यांना सुरक्षेचं शिक्षण द्यावं लागतं आणि दिल्याचा फोटो काढावा लागतो. माझा एक जुना विद्यार्थी अशा कारखान्यांची कागदपत्रं सांभाळायचा. तो म्हणाला, "मॅडम, घरी बसून काय करणार? महिन्यातून एकदा जाऊन बोलून या." न ऐकणाऱ्यांसमोर बोलायची मला जन्माची सवय. मी लगेच हो म्हटलं.

कारखान्याचा मॅनेजर जळगावकडचा तरुण इंजिनिअर होता. विजय नगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा, आणि मराठी ऐकून इतका विरघळला की पाचव्या वाक्यालाच मला काकू म्हणायला लागला. शेड दाखवता दाखवता म्हणाला, "काकू, सेफ्टीच्या बाबतीत आमचे मालक एकदम कडक. गूळ रोज म्हणजे रोज. आणि साधा नाही, मंडईतला निवडून आणलेला."

"आणि मास्क?"

"आहेत ना! कपाटात आहेत."

कपाटाला कुलूप होतं. किल्ली स्टोअरवाल्याकडे, आणि स्टोअरवाला सुट्टीवर.

गुळाची भानगड ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. धुळीत, धुरात काम करणाऱ्यांना गूळ द्यायचा, म्हणजे घशात अडकलेलं सगळं गुळाबरोबर खाली उतरतं आणि सकाळी बाहेर पडतं, अशी आमच्याकडच्या कारखान्यांतली पक्की समजूत. मालकांना ती फार आवडते. गूळ स्वस्त असतो.

हा गूळ फोडायचा मान उस्तादाचा. उस्ताद म्हणजे भट्टीवरचा मुख्य माणूस. वय पन्नाशीच्या आसपास, सांवेरजवळच्या एका खेड्यातून मोटरसायकलवर यायचा. दिवसभर लांब दांड्याच्या झाऱ्याने उकळत्या शिशावरचा मळ काढत उभा. शर्ट कोणत्या रंगाचा ते ओळखू येऊ नये इतका राखाडी. मुंग्या लागू नयेत म्हणून गुळाचा डबा त्याने भट्टीच्या कडेलाच ठेवलेला. चहाची वेळ झाली की तो गुळाची भेली काढायचा, पोत्यावर ठेवायचा आणि छोट्या कुऱ्हाडीचा एकच घाव घालायचा. भेलीचे असे सारखे तुकडे व्हायचे की कुणाला जास्त-कमी म्हणायला जागा नसे. सगळे काम थांबवून तो घाव बघायचे. मीसुद्धा बघितला.

पहिला तुकडा त्याने मला दिला. राखाडी तळहातावर ठेवून.

"लो बेनजी. गुड़ सब काट देता है."

त्याच्या गावाकडे शाळेतल्या बाईंना बेनजी म्हणतात. तुम्हाला वाटेल, एम.एस्सी. झालेल्या बाईने नको म्हटलं असेल, मग सगळ्यांना शिशाच्या क्षारांबद्दल सांगितलं असेल. नाही. मी खाल्ला. इतक्या अदबीने पुढे केलेल्या हाताला नाही कसं म्हणायचं? आणि गूळ खरंच चांगला होता.

मग माझं व्याख्यान झालं. सगळे रिकाम्या खोक्यांवर बसले. मी फुप्फुसं भिंतीला टेकवली आणि माझ्या पुस्तकी हिंदीत सुरू केलं. "विषाक्त धूम्र" असं काहीतरी बोलले असेन, कारण मागून एकाने शेजाऱ्याला विचारलं, "भिया, ये मैडम कौन सी पूजा करा री है?" हशा झाला. मी पट्टी आपटली. हो, मी पट्टी घेऊन गेले होते. पण सांगितलं ते मात्र खरं होतं, ते आजही छातीवर हात ठेवून म्हणेन. भट्टीचा धूर नाकातून रक्तात जातो, रक्तातून नसांत. गळ्यात लटकवलेला गमछा काही अडवत नाही. भट्टीवरचा, धूर बाहेर ओढणारा पंखा चालूच पाहिजे. आणि मनगट उचलणारी नस शिशाने गेली की हात कसा लोंबतो, ते मी स्वतःचा हात लोंबता ठेवून नाटकासारखं करून दाखवलं. त्याला सगळ्यांत जास्त हसू आलं. उस्तादही हसला.

त्यानंतर सगळे उठले आणि त्याच हातांनी उरलेला गूळ खाऊन कामाला लागले. फुप्फुसं तिथेच राहिली. पुढच्या खेपेला पाहिलं तर त्यांच्यावर कुणीतरी बीडी विझवली होती.

माझी जिरली, पण मी मास्तरीण. घरी रंगपंचमीचा गुलाल उरला होता. इंदुरात गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, झाल्यावर तो कोणाकडे उरत नाही? पुढल्या महिन्यात मॅनेजरला हाताशी धरून मी सकाळीच गेले आणि हातोड्यांच्या दांड्यांना, खोक्यांना, झाऱ्याच्या मुठीला गुलाल चोळून आले. काळोख्या शेडमध्ये कामाच्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. चहाच्या वेळी उस्तादाने भेली फोडली, सगळ्यांनी हात पुढे केले, आणि बाहेर उजेडात आल्यावर बघतात तर गूळ गुलाबी, बोटं गुलाबी, मिशा गुलाबी.

"अबे देख, दुल्हन बन गया!"

"तेरे दाँत देख पहले!"

दंगा झाला नुसता. उस्ताद एकटा हसला नाही. त्याने हातातला तुकडा उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

"गुलाल दिखता है," तो मला म्हणाला. "सीसा नहीं दिखता?"

"नाही दिसत," मी म्हटलं. "पण असाच लागतो. असाच पोटात जातो."

आत जाऊन तो तुकडा त्याने भट्टीत टाकला. डबा उचलला आणि शेडबाहेर नळाच्या पलीकडे नेऊन ठेवला. त्या दिवसापासून नियम झाला: साबणाने हात धुवायचे, उस्तादासमोर उभं राहायचं, तळवे दाखवायचे. मग तो म्हणायचा, "पलट." मग हाताची मागची बाजू. नखांत काळं दिसलं की परत नळावर. गुळाच्या तुकड्यासाठी दाढीमिशावाले बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहायचे. हात धुण्यात उस्तादाचा नंबर सगळ्यांत पहिला.

मी हवेत होते. मंडळाच्या हळदीकुंकवात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की बायका मला बघून ताटं उचलून दुसऱ्या खोलीत जायच्या. आपल्यावर वर्तमानपत्रात काहीतरी येईल असंही वाटत होतं. त्यासाठी फोटोसुद्धा काढून घेतला होता, स्टुडिओत, पट्टीसकट.

पंखा बंद असायचा. ते मला दर खेपेला दिसत होतं, आणि दर खेपेला मी मॅनेजरला बोलत होते. तो म्हणायचा, "काकू, पंखा लावला की शेजारचा नमकीनवाला भांडायला येतो. त्याच्या शेवेवर राख पडते म्हणतो."

"मग राख गाळायची पिशवी असते ना पाइपात?"

"फाटलीय. बदलायची तर भट्टी थंड करावी लागेल. मालक दिवाळीनंतर बघू म्हणालेत."

शहराची शेव स्वच्छ राहावी म्हणून धूर शेडमध्येच राहत होता.

दिवाळी झाली. मी गेले तेव्हा चहाची वेळ होती. उस्तादाने भेली पोत्यावर ठेवली, कुऱ्हाड उचलली आणि घाव घातला. कुऱ्हाड गुळावरून घसरून पोत्यात रुतली. त्याने परत घाव घातला. भेलीचा एक कोपरा उडाला, बाकी तशीच. तिसऱ्या खेपेला त्याने कुऱ्हाड शेजारच्याला दिली आणि म्हणाला, "रात को हाथ दब गया था."

मग रांग लागली. तो नेहमीसारखा पुढे, आधी स्वतःचे हात सगळ्यांना दाखवणारा. तळवे वर होते तोवर कळलं नाही. सवयीने तो स्वतःलाच "पलट" म्हणाला आणि हात उलटे केले. डावा सरळ राहिला. उजवा मनगटापासून खाली पडला, ओलं फडकं दोरीवर टाकावं तसा.

मी करून दाखवला होता तस्साच. या वेळी कुणी हसलं नाही.

त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "उस्ताद, भट्टी सोडा. आजच सोडा. आत्ता सोडलीत तर हात कदाचित परत येईल. तिथेच उभे राहिलात तर तो गेला."

"हाथ तो मैं धोता हूँ, बेनजी. सबसे पहले मैं ही धोता हूँ."

"हातांवाटे नाही गेलं ते. नाकातून गेलंय. धुरातून."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तो नाक में गुलाल क्यों नहीं दिखा?"

माझ्याकडे याला उत्तर होतं. ते भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, बीडीची भोकं पडलेलं.

मॅनेजरकडे गेले. तो खुर्चीतून उठला, दार लावलं. "काकू, त्याला हलवलं तर भट्टी कोण बघणार? आणि रक्त तपासलं, त्यात काही निघालं, तर ते वर कळवावं लागतं. तुम्ही ट्रेनिंग द्या ना, बाकीचं आम्ही बघतो." मग आवाज खाली आणून, "मीही नोकरीच करतो हो इथे."

ते खरंच होतं. त्याची कीवही आली. पण उस्तादाचं मनगट डोळ्यांसमोरून जाईना. मग मी तेच केलं जे मला उत्तम जमतं: थाप मारली. उस्तादाला फोन करून सांगितलं, माझ्या नवऱ्याचं रक्त काढायचं आहे, त्यांना सुईची भयंकर भीती, सोबत कुणी गडी माणूस हवा. तो सुट्टीच्या दिवशी धुतलेले कपडे घालून हजर. लॅबमध्ये नवरा माझ्या कानाशी पुटपुटत राहिला, "माझं रक्त कशाला? मी काय गुन्हा केला?" पण वेळ आली तेव्हा त्याने असा चेहरा केला की उस्ताद म्हणाला, "साब, डरो मत, पहले मेरा निकलवा लो." दोघांचं काढलं. हट्टाने माझंही काढून घेतलं. माझ्यात शिसं निघालं नाही, साखर निघाली.

उस्तादाचा रिपोर्ट बघून डॉक्टरने चष्मा काढला. भट्टी ताबडतोब बंद, दवाखान्यात राहून औषध, आणि हात परत येईल की नाही हे कुणी सांगू शकत नाही, पण भट्टीवर राहिला तर येणार नाही हे नक्की. उस्तादाने सगळं ऐकलं. कागदाची घडी करायला घेतली, उजव्या हाताला ती जमेना, मग डाव्याने केली.

"एक महीना दो. नए आदमी को सिखा दूँ. फिर छोड़ दूँगा."

दुसऱ्या दिवशी तो भट्टीवर होता. लोंबत्या मनगटाला पट्टी बांधून झारा धरला होता, असं मॅनेजरनेच सांगितलं.

त्याची भीती मला हळूहळू कळली. भट्टीवरून उतरला की तो माल उचलणारा एक म्हातारा. उस्ताद कोण म्हणणार? भेली कोण फोडायला देणार? आताही भेली दुसराच फोडत होता, पण त्याच्या हुकमाने. तेवढं तरी उरलं होतं.

शेवटी नवऱ्याला गाडी काढायला लावून त्याच्या गावी गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू उगवून वर आला होता. उस्ताद अजून यायचा होता. त्याच्या बायकोने खाट टाकली, पाणी दिलं. हाताचं तिला आमच्याआधीच ठाऊक होतं. शर्टाची बटणं तीच लावत होती.

"आप बोलो बेनजी," ती म्हणाली. "मेरी सुनते कहाँ हैं. कहते हैं, बेनजी ने हाथ धोना सिखाया, अब कुछ नहीं होगा."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला.

संध्याकाळच्या उजेडातच उस्ताद आला. दुसऱ्या कुणाच्या मोटरसायकलवर, मागे बसून. त्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, तिची थोरली, अजून शाळेतही न जाणारी पोर, घरातून "नाना! नाना!" करत धावली. त्याने वाकून तिला डाव्या हाताने उचललं. पोरीने काही न विचारता थेट त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि कागदात न गुंडाळलेला, नुसता गुळाचा तुकडा काढून तोंडात टाकला.

त्याच्या वाटचा तुकडा. तो स्वतः खातच नसे. हात धुऊन, पालटून दाखवून, धुतलेल्या हाताने तो घ्यायचा आणि दिवसभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या शर्टाच्या खिशात ठेवायचा. रोज. पोरगी वाट बघायची.

मी खाटेवरून कशी उठले आठवत नाही. हिंदी-बिंदी सगळी गेली. "थुंक! थुंक आधी!" असं ओरडत तिच्या तोंडात बोट घातलं. ती किंचाळली, चावली, रडायला लागली. आजी धावली. नवरा "अगं, अगं" करत उभा. गुळाचा तुकडा अंगणात पडला, अर्धा विरघळलेला.

उस्तादाने पोरीला खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने खिशाचा तळ धरून खिसा उलटा केला. त्यातून राखाडी पूड पडली, हळद सांडावी तशी, त्याच्या चपलेवर. गुलालाची गरज नव्हती.

खिसा तसाच बाहेर लोंबत राहिला.

"हाथ तो धोए थे," तो म्हणाला. मला नव्हे, बायकोला.

शर्ट त्याने अंगणातच काढला. बटणं बायकोनेच सोडवली. दुसऱ्या दिवशी तो भट्टीवर गेला नाही, त्यानंतर कधीच गेला नाही. नव्या माणसाला शिकवायचा महिना राहून गेला.

पोरीच्या रक्तातही निघालं. त्याच्यापेक्षा कमी, पण डॉक्टर म्हणाले लहान मुलांमध्ये कमीसुद्धा कमी नसतं, पुढे शाळेत कळेल. उस्ताद दवाखान्यात राहिला, औषधं झाली. हात अर्धा आला. बोटं मिटतात, मनगट पुरतं उचलत नाही. आता गावात भावाच्या किराण्याच्या दुकानावर बसतो. सुट्टं डाव्या हाताने देतो.

कारखान्याने मला परत बोलावलं नाही. माझ्या विद्यार्थ्याने पुष्कळ दिवस फोनच उचलला नाही, मग एकदा उचलून सांगितलं की आता भोपाळहून कुणी येतात, प्रोजेक्टर घेऊन. मॅनेजर नोकरी सोडून जळगावला गेला. जाताना पाया पडून गेला. हात धुऊन, पालटून दाखवून गूळ घ्यायची रीत तिथे अजून चालू आहे म्हणतात. नव्या माणसांना ती भट्टीच्याही आधी शिकवतात. पंख्याचं मला माहीत नाही. त्या रस्त्याने गेले की मी शेडच्या पत्र्यांकडे बघते. काही दिसत नाही.

माझी नात म्हणते, आजी, तू सगळ्या गोष्टी हसत सांगतेस, ही सांगताना मध्येच गप्प का होतेस? तिला म्हटलं, त्या ताजा कलप लावलेल्या बाईची आठवण येते.

इथल्या लालबागेत जत्रा भरली की उस्ताद नातीला घेऊन इंदुरात येतो, आणि जत्रेआधी आमच्याकडे. पोरगी आता शाळेत जाते. अक्षरं लवकर बसत नाहीत तिला. उलटी काढते, पुसते, परत उलटी काढते. दर वेळी, ती बाल्कनीत गेली की तो हळूच विचारतो, "बेनजी, सीसे से है क्या?" शिशाशिवायही उशिरा शिकणारी किती मुलं मी पाहिली आहेत, आणि ती पुढे चांगली निघालेलीही. ते त्याला सांगून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी तेच विचारलं. मला माहीत नाही. मी तसंच सांगते, माहीत नाही म्हणून.

पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवायची आमच्या घरची पद्धत. त्याच्यापुढे मी शेवेची बशी ठेवते. पोरगी धावत येते, पण बशीला हात लावायच्या आधी न सांगता बेसिनवर जाते, हात धुते आणि आजोबांपुढे उभी राहते. तळवे दाखवते.

"पलट," तो म्हणतो.

ती पालटते. मग ती त्याच्याकडे बघत थांबते, कारण आता त्याची पाळी असते. तो तळवे दाखवतो, आणि मग डाव्या हाताने उजवं मनगट धरून तो हात तिच्यासाठी उलटा करतो.